शंभर टक्के नॅचरल

रात्रीचे पावणेतीन. तुम्ही जागे, छतावरचा पंखा जागा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्यासारखंच कुणीतरी 'ऑनलाइन'. ओळखीचा सीन आहे ना? आमचा क्लायंट शिकागोचा. त्याचं लंच उरकेपर्यंत आपल्याकडे बारा वाजलेले असतात, दोन्ही अर्थांनी. लॅपटॉप मिटून अंथरुणावर पडावं तर डोक्यात एक्सेलच्या शीट्स उघडतात. एक बंद केली की दुसरी.

सगळे उपाय करून झाले होते. आईने फोनवरून जायफळ घातलेलं दूध सांगितलं. आजीने काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायला सांगितलं. (वाकडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये काशाची वाटी कुठून आणणार? स्टीलच्या वाटीने चोळून पाहिलं. फक्त पाय तुपकट झाले आणि चादर बदलावी लागली.) ऑफिसमधल्या एकाने मेडिटेशनचं अ‍ॅप दिलं. त्यातला बाई-आवाज इतका गोड होता, की ती पुढे काय बोलते हे ऐकण्यासाठी मी जागी राहायचे.

मग जुलैमध्ये न्यू जर्सीहून मामेभाऊ आला. चॉकलेट्स, परफ्यूम आणि माझ्यासाठी एक खास बाटली. "अगं, झोपेची गोळी नाहीये ही. प्लांट बेस्ड आहे. एकदम नॅचरल. तिकडे सगळे घेतात," दादा म्हणाला. तिकडे सगळे घेतात म्हटल्यावर विषयच संपला. पांढरीशुभ्र बाटली, त्यावर हिरवं पान, 'शंभर टक्के नॅचरल' असा गोल शिक्का, आफ्रिकेच्या परंपरेबद्दल दोन भावुक ओळी. आणि मागे बारीक अक्षरांत : ग्रिफोनिया सिंप्लिसिफोलिया या वनस्पतीच्या बियांचा अर्क, प्रत्येक कॅप्सूलमध्ये १०० मिलिग्रॅम ५-एचटीपी. मला ते हॅरी पॉटरमधल्या मंत्रासारखं वाटलं. म्हटलं, चला, मंत्र तर मंत्र.

सहा दिवस घेतली. झोप थोडी लागली, स्वप्नं मात्र टेक्निकलर पडायला लागली. आणि रोज रात्री अर्धा तास मळमळायचं. सातव्या दिवशी कंटाळून बाटली फ्रिजवर ठेवून दिली.

खरी गोष्ट इथून सुरू होते. माझी रूममेट सीए आहे. म्हणून घरात तिचं नाव 'सीए मॅडम'. ऑगस्टमध्ये ऑडिटचा सीझन, त्यात पुण्याचा पाऊस, त्यात तिला खोकला. रात्री दोन वाजता किचनमध्ये दिवा दिसला म्हणून गेले, तर बाई ओट्याला टेकून कफ सिरपचं झाकण मोजत उभी. "झोप नाही गं," म्हणाली. मी फ्रिजवरची बाटली तिच्या हातात दिली.

"साइड इफेक्ट?" तिने विचारलं. ऑडिटरच ती.

"झाडपाल्याचं आहे गं. नॅचरल गोष्टीला कसले साइड इफेक्ट?"

हे वाक्य माझं आहे. नीट वाचून ठेवा, कारण ते मला पुढे बरेच दिवस ऐकू येत होतं.

तिसऱ्या रात्री तिने माझं दार वाजवलं. घामाने चिंब, हात थरथरत होते, एका जागी बसवत नव्हतं. जुलाब. पायांना मध्येच झटके. मी ताबडतोब संध्याकाळच्या पनीरला दोषी ठरवलं. रिक्षा मिळाली हे नशीब. कॅज्युअल्टीत आमच्याच वयाचा एक डॉक्टर होता. त्याने नाडी पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय असा उडाला की तो स्वतःच अर्धं पाऊल मागे सरकला. मग त्याने तिचं पाऊल वर दाबून धरलं आणि ते त्याच्या हातात आपोआप धडधडत राहिलं. त्याचा चेहरा बदलला.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही," ती म्हणाली.

"नीट आठवा. खोकल्याचं, डोकेदुखीचं, जिमची पावडर, काहीही."

मी मध्ये तोंड घातलं. कफ सिरप सांगितलं, माझी नॅचरल बाटली सांगितली. तो माझ्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला. "आणखी?" मी बाहेर जाऊ का, असं विचारलं. "नको, थांब," ती म्हणाली. मग भिंतीकडे बघत तिने सांगितलं. आठ महिन्यांपासून डिप्रेशनची गोळी चालू आहे. रोज सकाळी एक.

दोन वर्षं आम्ही एका फ्लॅटमध्ये राहतोय. तिच्या मॅगीत किती पाणी लागतं हे मला माहीत आहे. तिचा एटीएमचा पिन मला माहीत आहे. हे माहीत नव्हतं.

रात्रभर तिला ठेवून घेतलं. सलाईन, शांत करणारं औषध, दर तासाला तपासणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठून बसली आणि डब्यातल्या उपम्याला नावं ठेवायला लागली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाला, बहुधा तिन्ही गोष्टी एकमेकींवर चढल्या. सेरोटोनिन सिंड्रोम, सौम्य प्रकारचा. "पण ते नॅचरल होतं," मी अजूनही पुटपुटत होते. "धोतराही नॅचरलच असतो," तो म्हणाला आणि पुढच्या पेशंटकडे गेला.

त्यानंतर दोन आठवडे मी त्या झाडाच्या हात धुऊन मागे लागले. अपराधी माणूस काय वाटेल ते वाचतो.

तर ग्रिफोनिया सिंप्लिसिफोलिया. पश्चिम आफ्रिकेतलं वेलीसारखं चढणारं काष्ठमय झुडूप. घाना, आयव्हरी कोस्ट, टोगो हा त्याचा खास इलाखा. घानाच्या किनारी मैदानांत ते वारुळांभोवती दाटीने उगवतं. शेंगा फुगीर, पिकल्या की फटाक्यासारख्या फुटतात आणि आतल्या चपट्या, काळ्या, चकतीसारख्या बिया लांब उडतात. तिथल्या ट्वी भाषेत त्याला 'काग्या' म्हणतात. आणि गंमत म्हणजे हे आपल्या आपट्याचं नातेवाईक आहे! शेंगावाल्या झाडांच्या ज्या शाखेत आपटा आणि कांचन बसतात, त्याच शाखेत हेही बसतं. आपट्याचं पान मध्यावर दुभंगून दोन पाकळ्यांचं होतं, याचं मात्र साधं, एकसंध. 'सिंप्लिसिफोलिया' म्हणजे तेच, साध्या पानाचं. दसऱ्याला सोनं म्हणून वाटायला काही हे चाललं नसतं.

लेबलवरच्या त्या दोन भावुक ओळी वाचून माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं : आफ्रिकेतली एखादी आजी, चांदणी रात्र, उदास नातीला ती चमचाभर बियांची पूड देतेय. प्रत्यक्षात वनस्पतीशास्त्रज्ञांनी घानाच्या आसपास टिपून ठेवलेले उपयोग वाचले आणि चित्र पार बदललं. हे उपयोग मुख्यतः पानांचे आणि खोडाचे आहेत. खोडाचे तुकडे दात घासायला चघळतात, आपल्या बाभळीच्या-कडुनिंबाच्या काडीसारखे. पानांचा काढा खोकल्याला आणि उलटी काढायला. पानं-खोडाचा लगदा पोट साफ होण्यासाठी आणि जखमांवर. पानांचा रस मूत्रपिंडाच्या तक्रारींवर, आणि (आता कान टवकारा) कामोत्तेजक म्हणूनही. कोवळा पाला शेळ्या-मेंढ्यांना खाऊ घालतात, त्यांची वीण वाढावी म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्यात पाला टाकतात, उवा जाव्यात म्हणून. चिवट वेलींच्या टोपल्या विणतात.

म्हणजे शेळी, कोंबडी, दात, पोट, टोपली. संसारातल्या गरजेची, अंगणातली वनस्पती. आयटीवालीच्या झोपेचा त्यात कुठे पत्ता नाही. मला हे वाचून त्या झाडाबद्दल आपुलकी वाटली, आणि बाटलीवाल्यांबद्दल चीड. परंपरा पानांची, आणि ती सर्टिफिकेट म्हणून चिकटवलीय बियांच्या अर्काला.

मग बी कुठून आलं? लंडनहून. किंग्ज कॉलेजमध्ये ई. ए. बेल आणि लिंडा फेलोज हे दोन वैज्ञानिक शेंगावर्गीय झाडांच्या बियांमधली विचित्र अमायनो आम्लं शोधत होते. प्रथिनं बनवण्याच्या कामी न येणारी, नुसतीच साठवून ठेवलेली. १९६६ मध्ये त्यांनी 'नेचर'मध्ये जाहीर केलं की या बीमध्ये ५-हायड्रॉक्सी ट्रिप्टोफॅन, म्हणजेच आपलं ५-एचटीपी, सुटं, मोकळं पडलेलं आहे. आणि किती? वाळलेल्या बीच्या वजनाच्या साधारण ६ ते २० टक्के! एखाद्या झाडाने एकाच रसायनाचा एवढा साठा करणं म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा एकाच शेअरमध्ये घालण्यासारखं. फॅक्टरीत हे रसायन बनवण्यापेक्षा बियांमधून काढणं सोपं, म्हणून घानाच्या रानातून वेचलेलं हे बी व्यापाऱ्यांच्या हातांतून परदेशी अर्क-कारखान्यांत जातं. माझ्या बाटलीत ६० कॅप्सूल होत्या, म्हणजे ६ ग्रॅम ५-एचटीपी. दहा टक्के धरले तर ६० ग्रॅम बी. वाटीभर चवळीपेक्षाही कमी.

आता थोडी केमिस्ट्री. बारावीनंतर सोडली असेल तरी झेपेल, मलाही झेपली. दूध, पनीर, डाळी यांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन मिळतं. शरीर त्याला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटवतं की झालं ५-एचटीपी. त्यातून एक तुकडा छाटला की सेरोटोनिन. आणि अंधार पडल्यावर मेंदूतली पिनियल ग्रंथी त्याच सेरोटोनिनपासून मेलाटोनिन बनवते. या सगळ्या साखळीत पहिली पायरी सगळ्यात हळू. टोलनाक्यासारखी. तिथे एक एन्झाइम बसलेलं असतं आणि ते किती गाड्या सोडायच्या हे ठरवतं. शरीराचा कंट्रोल तिथेच आहे. ५-एचटीपीची कॅप्सूल घेणं म्हणजे टोलनाका चुकवून थेट पुढच्या वळणावर गाडी घालणं. तिथून पुढे अडवणारं फारसं कुणी नाही.

सेरोटोनिन तोंडाने घेतलं तर ते मेंदूत शिरत नाही, वाटेत दार बंद असतं. ५-एचटीपीला मात्र त्या दारातून एंट्री आहे. हाच तर त्याचा सेलिंग पॉइंट. पण गंमत अशी की मेंदूपर्यंत पोचण्याआधीच बराच माल वाटेत, आतड्यात आणि इतरत्र, सेरोटोनिन होऊन बसतो. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मुळात आतड्यातच असतं, आणि तिथे ते आतड्याची हालचाल वाढवतं, मळमळ आणतं. माझ्या रोजच्या अर्ध्या तासाचा हिशेब इथे लागला. सीए मॅडमच्या जुलाबांचाही. पनीर निर्दोष होतं.

आणि तिची डिप्रेशनची गोळी काय करते? या प्रकारातल्या गोळ्या, ज्यांना एसएसआरआय म्हणतात, सेरोटोनिन परत आत खेचून घेणारा पंप मंद करतात. आहे तेवढंच सेरोटोनिन जास्त वेळ कामावर राहतं. डॉक्टर डोस ठरवतात तो याच हिशेबाने. त्यात कफ सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन; तेही त्याच पंपाशी खेळतं. बेसिनचं पाणी जाण्याची वाट दोन बाजूंनी अरुंद केलेली, आणि वरून मी नळ सोडला. शंभर टक्के नॅचरल नळ.

पण मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न वेगळाच होता. झाड हे कशाला बनवतं? त्याला ना मेंदू, ना डेडलाइन. उत्तर ऐकून मी हसले. किड्यांसाठी! १९७१ मध्ये बेल आणि डॅनियल जॅन्झेन या पर्यावरणतज्ज्ञाने मिळून 'नेचर'मध्ये मांडलं की बियांमधली असली रसायनं म्हणजे झाडाचं संरक्षण असावं. डब्यातल्या चवळीला भुंगे लागलेले तुम्ही पाहिले असतीलच (आईच्या घरी नाही, तुमच्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये). भुंग्याची अळी बीच्या आत राहून बी पोखरते. जी बी रसायनांनी भरलेली, तिच्या वाटेला बहुतेक अळ्या जात नाहीत. ग्रिफोनियाच्या बीमध्ये लेक्टिन नावाची चिकट प्रथिनंही आहेत. त्यातलं एक चवळीच्या भुंग्याची वाढ खुंटवतं, हे १९९६ मध्ये प्रयोगात दिसलं. दुसरं 'बी' रक्तगटाच्या पेशींना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं, त्यामुळे ते प्रयोगशाळांमध्ये पेशी रंगवायला आणि ओळखायला वापरलं जातं. पानांत-मुळांत आणखीही बरीच मंडळी आहेत; १९७६ मध्ये वेगळी काढलेली ग्रिफोनिन आणि ग्रिफोनिलाईड ही त्यातली दोन. तर ही सगळी फौज म्हणजे झाडाची सिक्युरिटी. आपण तिचीच पावडर करून उशाशी ठेवतो.

बेल-जॅन्झेनच्या त्या लेखात जोडीला दुसरं रसायन होतं एल-डोपा, आणि ते ज्या बियांमध्ये असतं ती वनस्पती तुम्हाला माहीत आहे. खाजकुइली! ट्रेकला गेल्यावर जिच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस कथकली करतो, तीच. आयुर्वेदातली कपिकच्छू. तिच्या बियांमधून एल-डोपा आपल्याकडेच, १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं काढलं. पुढे तेच पार्किन्सन्सचं मोठं औषध ठरलं. एल-डोपा डोपामाइनच्या एक पायरी आधी, ५-एचटीपी सेरोटोनिनच्या एक पायरी आधी, आणि दोघांची शेवटची छाटणी करणारं एन्झाइमही एकच. एक आपल्या सह्याद्रीत, एक घानाच्या वारुळाशेजारी. पण एल-डोपा पेशंटला देताना त्याच्याबरोबर दुसरं औषध जोडतात, वाटेत ते वाया जाऊ नये म्हणून. डोस मोजून, हळूहळू वाढवतात, न्यूरॉलॉजिस्ट लक्ष ठेवून असतो. त्याच्या चुलतभावाला मात्र आपण एअरपोर्टवरच्या चॉकलेटांबरोबर बॅगेत टाकतो.

म्हणजे ५-एचटीपी बोगस आहे का? तसंही नाही. ते बोगस असतं तर सीए मॅडम कॅज्युअल्टीत पोचलीच नसती. ते काम करतं, म्हणूनच तर भानगड. डिप्रेशनवर ते किती उपयोगी आहे हे तपासायला २००२ मध्ये कॉक्रन या संस्थेच्या अभ्यासकांनी ट्रिप्टोफॅन आणि ५-एचटीपीवरचे १०८ प्रयोग गोळा केले. धड निकषांवर उतरले दोन. दोन्ही मिळून पेशंट ६४. निकाल साखरेच्या गोळीपेक्षा बरा दिसला, पण एवढ्याशा आधारावर शिफारस करता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. आमच्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं बसतात.

शुद्धतेचा मुद्दा तर आणखी वेगळा. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्याच गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्नायूंच्या भयंकर वेदनांचा एक नवा आजार पसरला. दीड हजारांहून जास्त लोक आजारी पडले, तिसाहून जास्त दगावले. धागेदोरे मुख्यतः एकाच उत्पादकाच्या मालापर्यंत आणि त्यातल्या अगदी सूक्ष्म भेसळ-द्रव्यांपर्यंत पोचले. ट्रिप्टोफॅन बाजारातून गेलं. पुढे ५-एचटीपीचा जमाना आला. १९९४ च्या कायद्यामुळे तिकडे अशी उत्पादनं 'सप्लिमेंट' म्हणून विकता येतात. औषधासारखा परिणाम आधी सिद्ध करावा लागत नाही. १९९८ मध्ये काही ५-एचटीपी उत्पादनांमध्येही संशयास्पद द्रव्याचा अंश सापडल्याची बातमी आली. तशी साथ काही पुन्हा आली नाही, हे खरं. पण 'तिकडे सगळे घेतात' या वाक्यात तिकडे काय तपासलं जातं, हे दादाने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

तेव्हा तुमच्याही फ्रिजवर अशी बाटली असेल तर एकदा मागची बारीक अक्षरं वाचा. ५-एचटीपी, ट्रिप्टोफॅन किंवा ग्रिफोनिया, तिन्ही नावं एकाच गल्लीतली. डिप्रेशन किंवा अँग्झायटीची गोळी चालू असेल, मायग्रेनची ट्रिप्टान गटातली गोळी असेल, दुखण्यावर ट्रॅमाडॉल दिलं असेल, तर आपल्या मनाने ती उघडू नका. कफ सिरपवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय का, बघा. आणि याच्या उलटही महत्त्वाचं : हे वाचून घाबरून डिप्रेशनची गोळी एकदम बंद करू नका. तीही डॉक्टरांना विचारूनच कमी होते. थरथर, घाम, अस्वस्थपणा, जुलाब, पायांना झटके, ताप असं एकत्र आलं तर पनीरला शिव्या घालत बसू नका, हॉस्पिटल गाठा. बाटली बरोबर घेऊन.

आमच्या सोसायटीखालच्या केमिस्टकाकांना मी नंतर जाऊन सगळं सांगितलं. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अहो, तुमच्या मैत्रिणीला सिरप देताना मी विचारलं होतं, आधीचं काही चालू आहे का म्हणून. त्या नाही म्हणाल्या. दुकानात चार माणसं उभी होती." मग आवाज उतरवून, "सगळेच नाही म्हणतात."

हे मी घरी येऊन तिला सांगितलं नाही. चार दिवसांनी तीच म्हणाली. "मी तुला सांगितलं असतं गं. पण पहिल्या महिन्यात वाटलं, लवकर बंद होईल, कशाला सांगायचं. नंतर वाटलं, आता एवढ्या उशिरा कसं सांगायचं." मी म्हटलं, मी तरी बाटली देताना विचारायला हवं होतं. ती म्हणाली, विचारलं असतंस तरी नाहीच म्हणाले असते. मग आम्ही दोघींनी मॅगी केली. (हे सगळं तिला दाखवूनच छापायला दिलंय. तिने दोन ठिकाणी लाल पेनने खुणा केल्या. एक आकडा चुकला होता. 'बाई' शब्दाच्या बाजूला नुसतंच उद्गारचिन्ह आहे.)

दसऱ्याला तिने ऑफिसमधून येताना आपट्याची पानं आणली. मी लगेच सुरू झाले, की बघ, हे पान दोन पाकळ्यांचं, आणि त्या घानावाल्या वेलीचं मात्र एकसंध, आणि दोघांची शाखा एकच... "सोनं घे आणि गप्प बस," ती म्हणाली. मग फ्रिजच्या दाराकडे गेली. तिथे आता एक कागद लावलाय, दोन रकान्यांचा, कोण काय घेतंय त्याचा. तिच्या रकान्यात गोळीचं नाव, डोस, वेळ, डॉक्टरांचा नंबर, सगळं ऑडिट रिपोर्टसारखं. माझा रकाना महिनाभर कोरा होता. तिने पेन उघडलं आणि माझ्या वतीने स्वतःच लिहून टाकलं : 'रात्री दीडचा चहा. रोज. दोन कप.'